नव्या कार्यकर्त्यांनो, या चुका टाळा

वस्तीत काम करायला येणाऱ्या प्रत्येक नव्या तुकडीत मी त्याच त्या चुका बघतो. त्यातली सगळ्यात महागात पडणारी आधी सांगतो: निवेदन द्यायचं आणि पोच घ्यायची नाही.

मी नवा असताना पाण्यासाठी आमचा मोर्चा निघाला होता. बाया हंडे घेऊन, दिवसाची मजुरी बुडवून आल्या होत्या. साहेब खाली आले, निवेदन घेतलं, फोटो निघाले, आम्ही घोषणा देत परतलो. दोन महिन्यांनी गेलो, तर साहेबांची बदली झालेली आणि कारकून विचारतोय, "कुठलं निवेदन?" बाहेर पायरीवर एक मावशी म्हणाल्या, "बाळा, आपला कागद कुठंय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढचा मोर्चा निम्माही भरला नाही.

तेव्हापासून निवेदन दोन प्रतींत. साहेबांच्या हातात दिलं तरी आधी बारनिशीत, म्हणजे कार्यालयात आलेले कागद नोंदवून घेतात तिथे, जायचं, आपल्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. ती प्रत वस्तीतल्याच कुणाच्या तरी घरी राहते, माझ्या पिशवीत नाही. महिनाभर हालचाल दिसली नाही, की त्याच आवक क्रमांकावर काय कार्यवाही झाली, हे माहिती अधिकारात विचारायचं. उत्तराला 30 दिवस. नाही आलं, तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील. कंटाळवाणं आहे, पण याला आडवाट नाही.

ठराव झाला की जिंकलो, असं समजू नका. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळात 1923 साली झाला, 1924 साली महाडच्या नगरपालिकेनेही केला. तरी चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावायला 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांना आणि हजारो माणसांना चालत जावं लागलं.

व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप टाकला म्हणजे बैठक बोलावली, असं होत नाही. दारोदार फिरा. पहिल्या दोन फेऱ्यांत फक्त ऐका. नळ किती वाजता येतो, बाया कामावरून कधी परततात, हे कळल्याशिवाय बैठकीची वेळ ठरवू नका. सकाळी अकराला बैठक ठेवून "लोकांना काही पडलेलं नाही" म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. लोक त्या वेळी कामावर असतात!

माइक स्वतःच्या हातात ठेवू नका. जिच्या घरात पाणी नाही, तिला बोलू द्या. अडखळली तरी चालेल.

होईलच, असा शब्द कुणाला देऊ नका.

वर्गणीचा हिशेब त्याच आठवड्यात फळ्यावर लिहा.

आणि सह्या घेण्याआधी कागद मोठ्याने वाचून दाखवा, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. आमच्याकडे एका आजींनी असाच ऐकता ऐकता थांबवलं होतं: "आमच्या गल्लीचं नाव राहिलं की." तो कागद आम्ही तिथेच बसून पुन्हा लिहिला, मग त्यांनी अंगठा दिला.