उन्हाने भाताचं बी ‘बदललं’ असं वाटतंय? या चुका टाळा

वायंगणी (उन्हाळी) भात फुलोऱ्यात असताना ऊन चढलं आणि एखादी लोंबी वेगळी दिसली की गावात लगेच सुरू होतं, उष्णतेने बी बदललं, पुढच्या वर्षी हेच पेरूया. जरा थांबा.

पहिली चूक, पळिंज (पोकळ दाणे) बघून बियाण्याला दोष देणं. भात फुलताना तापमान ३५ अंशांच्या वर गेलं की परागकण निकामी होतात आणि दाणा भरत नाही, पण हे त्या हंगामाचं नुकसान, ते पुढच्या पिढीत उतरत नाही. आणि अख्खी लोंबीच पांढरी असेल तर ती ओढून बघा, सहज उपसून आली तर खोडकिडा आहे, त्यात उन्हाचा काही संबंध नाही.

उष्णतेने आनुवंशिक बदल होतच नाही असं नाही हां. १९३२ साली अमेरिकेत शास्त्रज्ञ रँडॉल्फ यांनी मक्याच्या नुकत्याच फळलेल्या कणसांना गरमी देऊन गुणसूत्रं (पेशीतले आनुवंशिक गुण वाहणारे धागे) दुप्पट झालेली रोपं मिळवली होती. पण ती मुद्दाम, मोजून दिलेली गरमी होती. शेतात असा बदल क्वचित होतो, आणि तोही ज्या पेशींपासून पराग किंवा बीजांड बनतं तिथे झाला तरच बियात जातो.

सगळ्यात जास्त लोक इथे फसतात: एखाद्या गुणातले असे बदल बहुतेक अप्रभावी असतात, म्हणजे ज्या वर्षी होतात त्या वर्षी दिसतच नाहीत, पुढच्या पिढीत साधारण चारात एक रोप वेगळं निघतं आणि उरलेल्या तिघांपैकी दोघं तोच गुण लपवून असतात. म्हणून यंदा दिसलेलं वेगळं रोप खरंच बदललेलं असलं तरी तो बदल बहुतेक यंदाच्या उन्हाचा नाही, आधीच्या पिढीतला आहे.

मग सगळ्या वाफ्याचं बी एकत्र झोडू नका, बदल एकाच फुटव्यात असू शकतो. ती लोंबी वेगळ्या कागदी पिशवीत ठेवा, खरिपात तिची वेगळी ओळ लावा आणि शेजारी मूळ वाणाची. सगळी ओळ मूळ वाणासारखी आली तर ते फक्त ऊन होतं. उंची, दाणा, रंग सगळंच विखुरलेलं आलं तर संकराचा (दुसऱ्या वाणाचा पराग लागल्याचा) संशय घ्या, भातात संकर कमी होतो पण होतो. तरव्यात (रोपवाटिकेत) एकाच लोंबीची पाव रोपं पांढरीफट आणि बाकी हिरवीगार असतील तर तो खरा आनुवंशिक बदल, पण ती पांढरी रोपं दाण्यातलं अन्न संपलं की मरतात, त्यांना खत घालत बसू नका.

आणि बियाणं पत्र्याखाली दमट ठेवू नका, ओलावा १३ टक्क्यांच्या खाली आणून मगच भरा.