पूडल-क्रॉस छोट्या कुत्र्याची निगा: केसांपासून गुडघ्यापर्यंत

कॅव्हापू म्हणजे कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल आणि पूडल यांचा संकर, मालटिपू म्हणजे मालटीज आणि पूडल यांचा. पण एकाच वेतातल्या पिल्लांतही एकाचे केस घट्ट कुरळे, दुसऱ्याचे लाटदार, तिसऱ्याचे जवळजवळ सरळ निघतात. त्यामुळे नावावर जाऊ नका. समोरच्या कुत्र्याच्या अंगावर हात फिरवून बघा आणि त्यावरून निगा ठरवा.

‘याचे केस गळत नाहीत’ हे अर्धसत्य आहे. केस गळतात, पण जमिनीवर पडण्याऐवजी कुरळ्यांत अडकतात आणि तिथेच गुंता होतो. अ‍ॅलर्जीचं म्हणाल, तर ती मुख्यतः लाळेतल्या आणि त्वचेच्या कोंड्यातल्या प्रथिनांमुळे होते. केस कमी गळणारं कुत्रंही ती प्रथिनं तयार करतंच. घरात कुणाला दमा किंवा अ‍ॅलर्जी असेल, तर पिल्लू आणण्याआधी त्या माणसाने त्याच्याबरोबर दोन-चार वेळा काही तास घालवून बघावेत.

केस विंचरणं

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. साहित्य मोजकंच: बारीक वाकड्या तारांचा स्लिकर ब्रश, एका बाजूला विरळ आणि दुसऱ्या बाजूला दाट दात असलेला स्टीलचा कंगवा, गुंता सोडवायचा स्प्रे. कुरळ्या केसांना रोज, सरळ केसांना आठवड्यातून दोन-तीनदा.

१. कुत्र्याला टेबलावर न घसरणाऱ्या मॅटवर उभं करा आणि एक हात त्याच्या अंगावरून काढू नका. लहान कुत्र्यांच्या पुढच्या पायाची हाडं बारीक असतात. टेबलावरून मारलेली एक उडीही ती मोडायला पुरते.

२. मागच्या पायाच्या पंजापासून सुरुवात करा. एका हाताने केस वर धरा, म्हणजे खाली त्वचेची रेघ दिसेल, भांग पाडल्यावर दिसते तशी. त्या रेघेखालचा पातळ थर स्प्रेने किंचित ओलसर करून ब्रश करा, मग रेघ थोडी वर सरकवा.

३. प्रत्येक भागावरून त्वचेपासून टोकापर्यंत कंगवा फिरवा. कंगवा अडला, की ब्रश वरवरच फिरला होता असं समजा आणि तो थर पुन्हा घ्या.

बहुतेकांचं चुकतं ते तिसऱ्या पायरीवर. ब्रश केलेलं कुत्रं वरून छान फुललेलं दिसतं आणि खाली त्वचेलगत नमद्यासारखी जट तयार होत असते. कानामागे, काखेत, जांघेत, शेपटीच्या बुडाशी आणि हार्नेसच्या (गळ्याऐवजी छातीभोवती बांधायच्या साजाच्या) पट्ट्याखाली ती हमखास सापडते. म्हणून घरी असताना हार्नेस काढून ठेवा.

जट सापडली तर बुडाशी चिमटीत धरा, म्हणजे त्वचा ओढली जाणार नाही. बोटांनी ती उभी फाकवा आणि टोकाकडून थोडं थोडं विंचरत बुडाकडे या. कात्री लावू नका. जटेबरोबर त्वचाही वर ओढली गेलेली असते आणि डोळ्यांना न दिसता कापली जाते. जट पूर्ण त्वचेला चिकटली असेल तर ती क्लिपरने (केस कापायच्या मशीनने) काढण्यावाचून पर्याय नाही. ग्रूमरने, म्हणजे कुत्र्यांचे केस कापणाऱ्याने, केस अगदी बारीक कापून दिले म्हणून त्याच्यावर चिडण्यात अर्थ नाही.

साधारण ६ ते १२ महिन्यांच्या दरम्यान पिल्लाचे मऊ केस जाऊन मोठेपणीचे येतात. तेव्हा कालपर्यंत सोपे असलेले केस अचानक रोज गुंततात. हा काळ तग धरून काढावा लागतो, किंवा सरळ केस आखूड ठेवावेत. पुढे दर ६ ते ८ आठवड्यांनी कटिंग.

आंघोळीआधी गुंता पूर्ण काढलाच पाहिजे, कारण पाण्याने तो आणखी आवळतो. शाम्पू कुत्र्यांचाच, पाणी कोमट. टॉवेलने घासू नका, दाबून टिपा आणि मंद ड्रायरने त्वचेपर्यंत सुकवा.

कान, नखं, दात

लोंबत्या केसाळ कानात हवा खेळत नाही. आठवड्यातून एकदा कान उलटून बघा. तपकिरी-काळा मळ, आंबूस वास किंवा सतत डोकं झटकणं दिसलं, तर औषध घालण्याआधी पशुवैद्याला दाखवा. कानात काडी घालू नका; मळ आत ढकलला जातो.

नखं ३-४ आठवड्यांनी. काळ्या नखात रक्तवाहिनी दिसत नाही, म्हणून एकेक मिलिमीटर कापा. कापलेल्या भागाच्या मध्यभागी गडद ठिपका दिसला की थांबा. पायाच्या आतल्या बाजूचं, जमिनीला न टेकणारं नख विसरू नका. ते झिजत नाही, वळून मांसात शिरतं.

लहान जबड्यातही दुधाचे २८ आणि कायमचे ४२ दात मावायचे असतात. ६-७ महिन्यांच्या सुमारास तोंड उघडून बघा: दुधाचा सुळा तसाच आणि शेजारी नवा उगवलेला दिसला, तर तो काढून घ्यावा लागतो, नाहीतर फटीत अन्न अडकतं आणि हिरड्या बिघडतात. ब्रश रोज करा, पण माणसांच्या टूथपेस्टने नको. त्यात फ्लोराइड आणि कधी झायलिटॉल (साखरेऐवजी वापरायचा गोड पदार्थ) असतं, आणि झायलिटॉल कुत्र्यांना जीवघेणं ठरू शकतं.

वजन

५ किलोच्या कुत्र्यावर अर्धा किलो चढणं म्हणजे १० टक्के वाढ. नसबंदी झालेल्या अशा प्रौढ कुत्र्याला दिवसाला ढोबळमानाने ३५० ते ३७५ कॅलरी लागतात, आणि खाऊ त्याच्या दहाव्या हिश्श्यात बसला पाहिजे. चीजच्या २० ग्रॅमच्या तुकड्यात सुमारे ८० कॅलरी असतात; म्हणजे एकाच तुकड्यात दोन दिवसांचा खाऊ संपला! अन्न वाटीने नव्हे, किचनच्या वजनकाट्यावर मोजा. केसांमुळे जाडी डोळ्यांना कळत नाही, म्हणून बरगड्या हाताने चाचपा: हलक्या दाबाने लागल्या पाहिजेत. अगदी चिमुकल्या पिल्लाला मात्र उपाशी ठेवू नका. रक्तातली साखर झपाट्याने उतरते, म्हणून ३-४ महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा खायला द्या. द्राक्षं, मनुका, चॉकलेट, कांदा, लसूण कुठल्याच वयात नाही.

गुडघा, श्वासनलिका, हृदय

धावताना मागचा एक पाय दोन-तीन पावलं उचलून धरतं आणि पुन्हा नीट पळतं? हे लाडिक उड्या मारणं नव्हे. गुडघ्याची वाटी सरकत असण्याची शक्यता आहे. मोबाइलवर चित्रण करा, कारण दवाखान्यात ते नेमकं सरळ चालतं. सोफ्याला पायरी लावा आणि गुळगुळीत फरशीवर जाजम टाका.

गळपट्टा ओढल्यावर हंसाच्या ओरडण्यासारखा कोरडा खोकला येत असेल तर श्वासनलिका तपासून घ्या. मुळात अशा कुत्र्यांना हार्नेसच बरा.

कॅव्हेलियरच्या रक्तात हृदयाच्या झडपेचा आजार येतो, म्हणून कॅव्हापूचं हृदय दरवर्षी तपासून घ्या. घरी करायची चाचणी सोपी आहे. कुत्रं गाढ झोपलेलं असताना छाती वर जाऊन खाली आली की एक श्वास, असे मिनिटभर मोजा. पाय झाडत, स्वप्न बघत असेल तर तो आकडा धरू नका. महिन्यातून दोन-तीनदा नोंद ठेवा. शांत झोपेतला आकडा ३० च्या वर राहू लागला, तर पुढच्या वार्षिक तपासणीची वाट न बघता लगेच डॉक्टर गाठा.