वचन धरून प्रार्थना करताय? या चुका टाळा

आमच्या प्रार्थना गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर रोज सकाळी फुलांच्या चित्रावर बायबलमधलं एक वचन येतं, खाली ‘आमेन’ची रांग. त्याला हरकत नाही. पण दुपारपर्यंत त्याच वचनावर नोकरी, व्हिसा, जावई, सगळ्याचा दावा सांगून झालेला असतो, तिथे माझं डोकं फिरतं.

सर्वांत जास्त हाल यिर्मया २९:११ चे, म्हणजे यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या २९ व्या अध्यायाच्या अकराव्या ओळीचे. त्यात देव म्हणतो, तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत. ते ‘हिताचे संकल्प’ वाचून कोपरखैरण्यातल्या एका बंधूंनी घराच्या सोडतीचा अर्ज भरला आणि निकालाआधीच सभेत साक्ष दिली, ‘घर मिळालंच आहे.’ कुणी ‘नाही लागलं तर?’ विचारलं की तो अविश्वास. नंबर लागला नाही आणि बंधू सभेला यायचे थांबले. त्यांची बायको म्हणाली, “ताई, ह्यांचं देवाशी बोलणं बंद आहे.”

मी त्यांच्या घरी गेले. सांत्वन वगैरे काही केलं नाही, यिर्मया २८ पासून मोठ्याने वाचायला लावलं. यरुशलेमेतल्या लोकांना बाबेलात (बॅबिलोनमध्ये) पकडून नेलेलं असतं. तिथे हनन्या सांगतो, दोन वर्षांत सगळं ठीक होईल. लोकांना तेच हवं होतं, आजही हवं असतं. पण तो खोटा संदेष्टा निघाला. पुढच्या अध्यायात यिर्मया बाबेलातल्या बंदिवानांना लिहितो : घरं बांधा, मळे लावा, त्या नगरासाठी प्रार्थना करा, ७० वर्षं लागतील. अकरावी ओळ त्यानंतर येते. पत्र ऐकणाऱ्या कितीतरी जणांनी परतीचा दिवस पाहिलाही नसेल.

“मग हे वचन माझं नाहीच?” बंधूंनी विचारलं. आहे ना. २ करिंथ १:२० (पौलाचं करिंथकरांना दुसरं पत्र) म्हणतं, देवाची सगळी वचनं ख्रिस्तात ‘होय’ आहेत. देव आपल्या लोकांना टाकत नाही, हे त्यातलं तुमचं. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट त्यात लिहिलेला नाही. बाबेलातल्याच बंदिवान दानीएलाने हीच ७० वर्षं वाचली तेव्हा काय केलं, तेही पाहा (अध्याय ९) : दावा न सांगता गोणपाट नेसून पापांची कबुली दिली.

भाड्याच्या घराचा अकरा महिन्यांचा करार आपण डिपॉझिटच्या ओळीसकट वाचतो, देवाच्या कराराची मात्र एक ओळ कापून घेतो. माझी सवय सोपी आहे. पेन्सिल घेऊन पूर्ण अध्याय वाचायचा आणि समासात लिहायचं : कुणाला सांगितलं? अट आहे का? नोहाशी केलेल्या करारात अट नाही. ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २८ व्या अध्यायात ‘जर’ आहे. तिथले आशीर्वाद चौदा ओळींत संपतात, पुढच्या ५४ ओळी शापांच्या; त्या कॅलेंडरवर कुणी छापत नाही.

‘माझाच विश्वास कमी पडला’ म्हणून झुरणाऱ्यांना मी उत्पत्ती १५ देते. तिथे देव अब्रामाशी (पुढचा अब्राहाम) करार करतो. कापलेल्या जनावरांमधून देवाची खूण म्हणून धुमसती आगटी आणि पेटती मशाल गेली. अब्राम गाढ झोपलेला होता. करार देवाने एकट्याने बांधून घेतला.

बाकीच्या चुका पटकन :

देवाला मुदत देऊ नका. अब्राम ७५ वर्षांचा असताना निघाला, वचनाचा मुलगा इसहाक त्याच्या शंभराव्या वर्षी झाला. मधल्या घाईतून काय झालं ते हागारेला विचारा, त्या दासीपासून मूल करून घेतलं आणि मग तिलाच घालवून दिलं.

स्तोत्र ९१ (देव राखेल, पायाला ठेच लागू देणार नाही) म्हणून हेल्मेट घरी ठेवू नका. मत्तय ४ मध्ये ते स्तोत्र कोण म्हणून दाखवतंय, बघा : सैतान.

फिलिप्पै ४:१३ (‘मला सामर्थ्य देणाऱ्याच्या द्वारे मी सर्वकाही करू शकतो’) परीक्षेच्या पॅडवर चिकटवण्याआधी बारावी ओळ वाचा, त्यात उपाशी राहणंही आहे.

आणि आजाऱ्याच्या खाटेशी बसून ‘विश्वास कमी पडला’ म्हणू नका. असं कुणी म्हणालं की मी त्याला सरळ उठवून चहा टाकायला पाठवते.