घराच्या आतले तोडकाम आणि पडण्याचे अपघात: नव्या सुपरवायझरांसाठी

मुंबईतल्या जुन्या सदनिकांच्या नूतनीकरणाची कामे मी अनेक वर्षे सांभाळतो आहे. डिप्लोमा करून नव्याने साइटवर येणाऱ्यांना इमारतीबाहेरच्या परांचीवर सावध राहायला शिकवलेले असते, पण घरात शिरल्यावर छत हाताशी दिसते आणि ती सावधगिरी सुटते. वास्तविक 2 मीटर उंचीवरून निसटलेला माणूस पाऊण सेकंदाच्या आत, ताशी सुमारे 22 किलोमीटर वेगाने लादीवर आदळतो.

सर्वांत फसवा असतो तो स्वयंपाकघरातला, छताखाली सामान ठेवायचा माळा. त्याचा स्लॅब पातळ असतो, आतल्या सळया गंजलेल्या असतात, आणि पुष्कळदा तो खालच्या अर्ध्या विटेइतक्या जाडीच्या भिंतीवरच टेकलेला असतो. त्यामुळे घाईत भिंत आधी पाडली, तर माळा वरच्या माणसासकट खाली येतो. आधी माळा, मग भिंत, हा क्रम कोणाच्याही आग्रहाखातर बदलू नका, आणि माळा तोडणाऱ्याला त्याच माळ्यावर उभे राहू देऊ नका. एका कामावर ब्रेकरची, म्हणजे काँक्रीट फोडायच्या यंत्राची, छिन्नी स्लॅबमधून अचानक आरपार गेली, तेव्हा ब्रेकरवर रेललेला कामगार पुढे झुकला, पायाखालची, घोडीवर (फळी टेकवायच्या चौकटीवर) न बांधता ठेवलेली फळी उलटली आणि त्याचे मनगट मोडले. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली आवळलेला होता, म्हणून डोके बचावले.

सेफ्टी बेल्टवरही घरात विसंबता येत नाही. 1.8 मीटरची दोरी, झटका शोषताना तिची वाढणारी लांबी आणि माणसाची उंची धरली, तर त्याला अधांतरी थांबवायला पाच-सहा मीटर मोकळी जागा लागते, आणि खोली असते जेमतेम तीन मीटर उंच. म्हणून कठडा असलेली, चाकांना ब्रेक असलेली परांचीच मागवा. भाड्याचे पैसे वाचवू पाहणाऱ्या कंत्राटदाराशी या एका मुद्द्यावर भांडावे लागले, तरी भांडा. शिडी फक्त चढण्या-उतरण्यासाठी आहे, तिच्यावरून ब्रेकर चालवायचा नाही. राडारोडा त्याच दिवशी हलवा, कारण परांचीचा पाय त्यावर टेकला की ती डगमगते.

कोणी पडलेच, तर त्याला उचलून बसवू नका. मान स्थिर ठेवा आणि 108 क्रमांकावर फोन करा. डोके आपटलेला माणूस उठून बोलू लागला, तरी त्याला पुन्हा कामावर चढवू नका किंवा एकट्याला घरी पाठवू नका, कारण मेंदूतील रक्तस्रावामुळे उलटी किंवा गुंगी काही तासांनीही येऊ शकते.