वावरात लेकीचं नाव: वारस फेरफार होण्याआधी काय बघायचं
वडील वारल्यावर भाऊ तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज देतात आणि लेकींची नावं बहुतेक वेळा तिथंच गळतात. म्हणून आधी मृत्यूची तारीख बघा. पुढचं हिंदू, बौद्ध, जैन, शीख कुटुंबांसाठी आहे. मुस्लिम वारसाचे नियम वेगळे.

17 जून 1956 पूर्वीचा मृत्यू असेल, तर मुलगा असताना मुलीला वारसा नव्हता. त्यानंतर मृत्युपत्र नसल्यास वडिलांच्या स्वकष्टार्जित जमिनीत त्यांची आई, पत्नी, मुलगे, मुली सारखे वारस. वडिलोपार्जित जमिनीत महाराष्ट्राने 22 जून 1994 पासून मुलीला सहहिस्सेदार केलं, पण तोवर लग्न झालेल्या लेकी वगळल्या. तो अन्याय 9 सप्टेंबर 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने दूर झाला. त्या दिवशी वडील हयात असायला हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 ला स्पष्ट केलं. 20 डिसेंबर 2004 पूर्वीचं खरेदीखत किंवा नोंदणीकृत वाटणीपत्र मात्र मोडत नाही. नुसती 'तोंडी वाटणी झाली होती' ही सबब सहसा टिकत नाही.

जमीन वडिलोपार्जित आहे हे दाखवायला जुने फेरफार आणि तहसीलमधून खासरा पत्रकाची, म्हणजे जमीन कोणाकडे होती हे दाखवणाऱ्या जुन्या नोंदीची, नक्कल काढा. मराठवाड्यात निजामाच्या काळातले कागद उर्दूत निघाले, तर जाणकाराकडून भाषांतर करून घ्या.

अर्ज तीन महिन्यांत द्यावा. मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ-अ आणि शपथपत्र जोडा. शपथपत्रात सासरी गेलेल्या प्रत्येक बहिणीचं नाव नि पत्ता हवा. नोटिशीनंतर हरकतीला 15 दिवस मिळतात. हरकत लेखी द्या, पोच घ्या.

आता नवा सातबारा नीट वाचा. भावाच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर लिहिलंय आणि बहिणी 'इतर हक्क' रकान्यात ढकलल्यात, असं फार दिसतं. वारस बहिणीचं नाव भोगवटादार सदरी, म्हणजे जमीनधारकांच्या रकान्यातच पाहिजे. चार एकर जमीन, मागे आई, दोन भाऊ, एक बहीण असतील तर प्रत्येकी एक एकर येतो. साडीचोळी घेऊन कोऱ्या कागदावर सही करू नका. 'वारसनोंदीची सही' म्हणून पुढे केलेला कागद हक्कसोडपत्र, म्हणजे आपला हिस्सा सोडून दिल्याचा दस्त, असू शकतो, आणि ते एकदा नोंदणीकृत झालं की परत फिरवणं अवघड.

नाव वगळून फेर मंजूर झाला, तर 60 दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करा. फेरफाराने मालकी ठरत नाही, त्यामुळे दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावाही लावता येतो. दाव्यात घरासकट सगळे गट नंबर घाला; एखादा गट सुटला की अर्धवट वाटपाची हरकत येते.