जुना वेस्टर्न पाहताना वही जवळ ठेवा

'द सर्चर्स' (1956) मी पहिल्यांदा पाहिला तो वडिलांना चिकटून. कोमांची या मूळ अमेरिकन जमातीचा सरदार स्कार पडद्यावर आला की मी डोळे मिटून घ्यायचे. वीस वर्षांनी तोच चित्रपट थांबवून थांबवून पाहिला आणि लक्षात आलं, स्कारचे डोळे निळे आहेत. स्कार झालेला हेन्री ब्रँडन हा नट बर्लिनमध्ये जन्मलेला. त्याच्या मागचे स्वार खरे तर मॉन्युमेंट व्हॅलीतले, नाव्हाहो या दुसऱ्याच जमातीचे. गोष्ट टेक्ससची, डोंगर मात्र ॲरिझोना-युटाच्या सीमेवरचे. तेव्हापासून वेस्टर्न, म्हणजे काउबॉयांच्या काळातले हॉलिवूडपट, पाहताना वही असतेच: पडद्यावर कोण दिसतं, कसं दिसतं आणि कोण दिसतच नाही हे टिपायला.

पण पहिल्या खेपेला ती उघडू नका. चित्रपट आधी मनापासून पाहा. आपण कुणासाठी जीव मुठीत धरला आणि कोण घोड्यावरून पडलं तेव्हा आपल्याला काहीच वाटलं नाही, हे गुंतल्याशिवाय कळत नाही. दुसऱ्या दिवशी नेमकं तेच लिहून काढा.

मग टायटल्स बघा. पात्राचं नाव, जमात आणि समोर नट कुठला ते लिहा. सरसकट 'रेड इंडियन' लिहू नका. अपाची, शायेन, कोमांची हे वेगवेगळे लोक. 'ब्रोकन ॲरो'मध्ये (1950) अपाचींकडे खूप आपुलकीने पाहिलंय, पण त्यांचा सरदार कोचीस झालाय न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचा जेफ चँडलर. ऑस्करचं नामांकनही त्यालाच मिळालं. जे सिल्व्हरहील्स हा खरोखरच मूळ अमेरिकन, मोहॉक जमातीचा नट त्यात आहे, पण तह धुडकावणाऱ्या जेरोनिमोच्या लहानशा भूमिकेत.

भाषेकडेही कान द्या. 'हाय नून'मध्ये (1952) मेक्सिकोची केटी हुरादो हेलन रामिरेझ झाली आहे. मार्शल, म्हणजे गावचा कायद्याचा रक्षक, तिच्या खोलीत येतो तेव्हा ती स्पॅनिशमध्ये म्हणते, वर्ष झालं तुला पाहून. तो स्पॅनिशमध्येच म्हणतो, हो, ठाऊक आहे. खाली सबटायटल नाही. दोघांचं जुनं नातं त्या दोन वाक्यांत कळतं, आणि त्या क्षणापुरता इंग्रजी बोलणारा प्रेक्षक दाराबाहेर उभा राहतो. अशा जागा फार थोड्या सापडतात, म्हणून सापडली की मी वेळ टिपून ठेवते.

सगळ्यात जास्त वेळ द्या तो कोण कुठे बसलंय, उभं आहे याला. यासाठी मी नेहमी 'द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स' (1962) सुचवते. वुडी स्ट्रोड या कृष्णवर्णीय नटाचा पॉम्पी लहानथोरांच्या वर्गात उभा राहून अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा म्हणतो. मागे भिंतीवर लिंकन. 'सर्व माणसं समान' या शब्दांपाशीच तो अडखळतो. शिक्षक ते शब्द पुरे करतात आणि म्हणतात, पुष्कळ जण हे विसरतात. थोड्याच वेळात मालक येऊन त्याला कामाला पिटाळतो. पुढे गावाची निवडणूक सलूनमध्ये होते तेव्हा पॉम्पी कुठे आहे ते शोधा. दाराबाहेर, बंदूक घेऊन. त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. वहीत त्या खोलीचा नकाशा काढाच. माझ्याकडे पेन्सिलीने काढलेला आहे आणि त्यातलं बाहेरचं एकटं टिंब बघून आजही गलबलून येतं.

शेवटचं पान न दिसलेल्यांचं. अमेरिकेच्या पश्चिमेतला सेंट्रल पॅसिफिक कंपनीचा रेल्वेमार्ग बहुतांशी चिनी मजुरांनी घातला, आणि काउबॉयांपैकी साधारण चौथा हिस्सा कृष्णवर्णीय होता असा इतिहासकारांचा अंदाज आहे. तुमच्या चित्रपटात त्यांतले किती दिसले?

यानंतर 'सार्जंट रटलेज' (1960) लावा. रटलेज आहे वुडी स्ट्रोडच, चित्रपट त्याच्याच नावाचा, तरी टायटल्समध्ये त्याच्या आधी तिघांची नावं येतात. आणि मग 'द ब्राँझ बकारू' (1939). सगळे नट कृष्णवर्णीय, गाणारा नायक हर्ब जेफ्रीज, लांबी जेमतेम तासभर. तो मात्र वही बाजूला ठेवून पाहा.