ब्लास्ट चालते, पण उत्तर चुकते : पॅरामीटर देताना या चुका टाळा

रंकाळ्याच्या पाण्यातून किंवा उसाच्या मुळांभोवतीच्या मातीतून वेगळे केलेले जिवाणू सोळा-एस या ओळख पटवणाऱ्या जनुकावरून ओळखायचे असतील, तर एक-दोन सीक्वेन्ससाठी (डीएनएतील बेसच्या क्रमांसाठी) एनसीबीआय या अमेरिकी जैवमाहिती केंद्राच्या संकेतस्थळावरील ब्लास्ट, म्हणजे सीक्वेन्स डेटाबेसशी जुळवून पाहणारे साधन, पुरते. मात्र कोल्हापुरातल्या एखाद्या प्रयोगशाळेत शेकडो सीक्वेन्स जमले, की तेच काम टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करण्याच्या खिडकीत, आणावे लागते. तेथे काही चुकांवर प्रोग्राम लगेच थांबतो, तर काही चुका तो निमूटपणे स्वीकारतो.

थांबवणाऱ्या चुका तुलनेने सोप्या असतात. वर्डमधून किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून कमांड उचलली, की पॅरामीटरच्या (शोध कसा करायचा हे सांगणाऱ्या पर्यायाच्या) आधीची साधी आडवी रेघ कधी कधी लांब रेघ झालेली असते आणि ‘टू मेनी पोझिशनल आर्ग्युमेंट्स’ असा संदेश येतो. आउटएफएमटीला (निकालाचा साचा ठरवणाऱ्या पॅरामीटरला) ६ या आकड्यासोबत स्तंभांची नावे देताना अवतरणचिन्हे राहिली, तरीही हाच संदेश दिसतो. ‘डेटाबेस सापडला नाही’ अशी तक्रार आल्यास सीक्वेन्सच्या फास्टा फाइलवर मेकब्लास्टडीबी (डेटाबेस तयार करणारा प्रोग्राम) चालवले होते का आणि डीबीटाइप, म्हणजे डेटाबेसचा प्रकार, न्यूक्लिओटाइडचा दिला होता की प्रथिनाचा, हे आधी पाहावे.

खरा वेळ खातात त्या न बोलणाऱ्या चुका. वीस बेसचा प्रायमर (पीसीआरसाठीचा डीएनएचा छोटा तुकडा) ब्लास्टएनला, म्हणजे न्यूक्लिओटाइड सीक्वेन्स शोधणाऱ्या ब्लास्टला, दिला आणि एकही जुळणी आली नाही, तर प्रायमरला दोष देण्याआधी टास्क, म्हणजे शोधाची पद्धत, तपासावा. ब्लास्टएनचा मूळ टास्क मेगाब्लास्ट असून त्याचा वर्ड साइज २८ असतो. म्हणजे सलग २८ बेस तंतोतंत जुळल्याशिवाय शोध सुरूच होत नाही आणि वीस बेसच्या प्रायमरला ते शक्यच नसते. संकेतस्थळ छोटा सीक्वेन्स पाहून पॅरामीटर आपणहून बदलते, टर्मिनल तसे करत नाही. त्यामुळे तेथे टास्क म्हणून ब्लास्टएन-शॉर्ट सांगावे लागते, ज्याचा वर्ड साइज ७ आहे. त्याच कमांडमध्ये सवयीने कडक, म्हणजे फार लहान, ई-व्हॅल्यू (निव्वळ योगायोगाने अशा किती जुळण्या मिळतील याचा अंदाज) ठेवली, तर मोठ्या डेटाबेसमधील अचूक जुळणीही गाळली जाऊ शकते, कारण इतक्या छोट्या सीक्वेन्सला चांगली ई-व्हॅल्यू मिळणेच कठीण असते.

ई-व्हॅल्यूची मूळ मर्यादा १० आहे, ती लांब सीक्वेन्ससाठी फारच सैल ठरते. शिवाय हा आकडा डेटाबेसच्या आकारावर अवलंबून असल्याने स्वतःच्या छोट्या डेटाबेसमधील निकाल आणि एनसीबीआयच्या मोठ्या डेटाबेसमधील निकाल ई-व्हॅल्यूवरून एकमेकांशी ताडून पाहू नयेत.

मॅक्स टार्गेट सीक्सला (जुळणारे किती सीक्वेन्स दाखवायचे हे ठरवणाऱ्या पॅरामीटरला) १ देणे ही तर सर्रास दिसणारी सवय. ‘सर्वांत उत्तम एकच जुळणी द्या’ असा त्याचा अर्थ घेतला जातो. प्रत्यक्षात ही मर्यादा शोधाच्या सुरुवातीच्या टप्प्यांतही लागू होते आणि गुण समान असतील, तर डेटाबेसमध्ये आधी असलेला सीक्वेन्स पुढे येतो. सोळा-एसमध्ये जवळच्या प्रजातींचे गुण वारंवार समान येतात, त्यामुळे प्रजातीचे नाव निव्वळ क्रमावरून ठरण्याचा धोका राहतो. या पॅरामीटरवरून २०१८ मध्ये बराच वाद झाला. आता ५ पेक्षा कमी संख्या दिल्यास ब्लास्ट इशारा देते, पण स्क्रिप्टमधून चालवताना तो कोण वाचतो? संख्या मोठी ठेवावी आणि निवड नंतर बिटस्कोअर (जुळणीचे गुण), टक्के साम्य व क्वेरीचा, म्हणजे आपण दिलेल्या सीक्वेन्सचा, व्यापलेला भाग पाहून करावी.

आउटला (निकालाच्या फाइलचे नाव सांगणाऱ्या पॅरामीटरला) जुन्याच फाइलचे नाव दिले, तर आधीचा निकाल न विचारता पुसला जातो. म्हणून निकालाच्या नावातच टास्क आणि ई-व्हॅल्यू लिहावी.